मल्लव्वाचं तळं

मल्लव्वानं मला पाण्याचा भरलेला पेला कधी दिला नाही. तीन वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्यालो, पण दर वेळी पेला अर्धाच. "आदी एवडं पी, तम्मा. लागलं तर माग," असं म्हणायची. तम्मा म्हणजे तिच्या कानडीत धाकटा भाऊ. मागितलं तर पुन्हा द्यायची, पण तेही अर्धंच. मी साताऱ्यातला, नळाला तोंड लावून वाढलेला. मला हा शुद्ध चिक्कूपणा वाटायचा. एकदा चेष्टेनं म्हटलंसुद्धा, "आक्का, कोयनेच्या काठावर बसून पाणी कसलं मोजताय?"

ती म्हणाली, "पानी कुटं बी असू दे. घसा तेवडाच हाय."

आमची गाठ पडली ती आबासाहेबांच्या हॉटेलच्या कामावर. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आबासाहेब शेतीपंपांचे मोठे विक्रेते. भरपूर पंप खपवले म्हणून कंपनीनं त्यांना आणि आणखी पंधरा-वीस विक्रेत्यांना बँकॉकची सहल घडवली. बाकीचे लोक तिथून घड्याळं आणि छत्र्या घेऊन आले, आबासाहेब हॉटेल डोक्यात घेऊन आले. तिथं एका संध्याकाळी ते म्हणे तळ्याकाठी लाकडी मंडपात बसले, समोर कमळं होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पंपाचा विसर पडला. पाटणच्या पुढं डोंगराच्या पोटाला त्यांची जमीन होती. तिथं तसंच्या तसं हॉटेल बांधायचं ठरलं. सांगलीचे एक आर्किटेक्ट नेमले आणि साइटवर सुपरवायझर म्हणून मी.

आता तसंच्या तसं म्हणजे कसं, तर आबासाहेबांनी आणलेल्या फोटोंत दिसतं तसं. फोटो तीन रोल भरून होते. पण प्रत्येक फोटोत सगळे विक्रेते ओळीनं पुढं उभे आणि मधोमध आबासाहेब. हॉटेल दिसायचं ते माणसांच्या डोक्यांवर आणि खांद्यांच्या फटींतून. उतरतं, एकावर एक चढवलेलं छप्पर दिसायचं, खांबांवर उचललेली घरं दिसायची, चाफ्याची झाडं दिसायची. पण मुख्य दरवाजाचे फोटो आठ, आणि आठही फोटोंत तो आबासाहेबांच्या मागं. आर्किटेक्टसाहेब भिंग घेऊन बसायचे आणि शेवटी वैतागून म्हणायचे, "आबासाहेब, एखाद्या तरी फोटोत जरा बाजूला सरकायचं होतं." छपराच्या कोपऱ्यांवर वर वळलेली टोकं होती, ती फोटोत नेमकी कापली गेली होती. पाटणच्या सुतारानं मग त्याला सुचलं तसं तिथं पोपट कोरले. पुढं पुण्याचे पाहुणे मान वर करून त्या पोपटांकडं बघायचे आणि थाई कलेचं कौतुक करायचे.

मल्लव्वा या कामावर आली ती मातीकामाच्या टोळीतून. टोळी जतकडची. चाळिशीची बाई, उंच, काटक, हिरवं इरकली लुगडं, कपाळावर गोंदण. कमरेला चंची असायची आणि हातात पोचा आलेला पितळी तांब्या. तो तांब्या तिनं कधी खाली ठेवलेला मी पाहिला नाही. लग्नात मिळाला होता म्हणे. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तांब्या तेवढा राहिला. हे ती सांगायची ते हवापाण्याच्या गोष्टी सांगितल्यासारखं.

बाग तिच्याकडं आली तीही त्या तांब्यामुळंच. सांगलीच्या नर्सरीतून दोन टेंपो भरून रोपं आली होती: सुपारी, केळी, कर्दळ, चाफा, आणखी काही रुंद पानांची, ज्यांची नावं आम्हालाही येत नव्हती. माझी माणसं पाइप घेऊन दोन वेळा त्यांना आंघोळ घालायची. पंधरा दिवसांत निम्मी कुजली. मल्लव्वा घमेली वाहता वाहता हे बघत होती. एक दिवस तिनं घमेलं ठेवलं, माझ्या माणसाच्या हातातला पाइप काढून घेतला, गुंडाळून भिंतीला टांगला आणि तांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालायला बसली. मी तिला विचारलं, हे काय. ती म्हणाली, "तू पानी पितोस का अंगावर वतून घेतोस?" आबासाहेब मागंच उभे होते. त्यांना हसू आलं आणि बाग तिच्या ताब्यात गेली.

तिची बाग चालायची ती तिच्याच कायद्यानं. फोटोंत दारादारांशी मोठाले रांजण दिसायचे. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, ते शोभेचे. मल्लव्वा म्हणाली, "दाराशी रांजन शोभंला कोन ठिवतंय? पाय धुवायचं पानी हाय ते." आणि तिनं ते भरले. येणाऱ्यानं तिच्या तांब्यात मावेल तेवढ्या पाण्यात दोन्ही पाय धुवायचे, आणि धुवायचे ते कर्दळीच्या वाफ्यात उभं राहून. एका तांब्यात दोन पाय, हा नियम होता. आबासाहेबांनाही सूट नव्हती. एकदा ते बूट काढायचा कंटाळा करून तसेच आत निघाले, तर ती म्हणाली, "मालक, कर्दळ उपाशी हाय." आबासाहेब निमूट परत फिरले आणि बूट काढले.

एका फोटोत कोपऱ्यात खांबावर बसवलेलं छोटं, नक्षीदार घर दिसत होतं, हातभर उंचीचं. ते काय, यावर आमची बरीच चर्चा झाली. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, कबुतरखाना. मी म्हटलं, टपालपेटी असेल. आबासाहेबांना आठवत नव्हतं. सुतारानं दोन्ही ऐकून घेतलं आणि भोकं पाडायची तयारी केली. मल्लव्वानं फोटो हातात घेतला, उन्हाकडं धरला आणि म्हणाली, "कबुतराच्या घराला हार कोन घालतंय?" भिंगातून पाहिलं तर खरंच हार होता, समोर केळी होती आणि पेल्यात पाणी होतं. "जागंवाला हाय," ती म्हणाली. "ज्येची जागा त्येला आदी घर द्यायचं, मग आपलं बांदायचं. तुमी उलटं चालवलंय." पुढं हॉटेलच्या धंद्यातल्या एका माणसानं सांगितलं की थायलंडात ते घर जमिनीच्या राखणदाराचंच असतं. मग मल्लव्वाला बँकॉक कळलं की बँकॉकवाल्यांना जत, हे काही मला सांगता येणार नाही. घर बांधून झाल्यावर ती त्यासमोर रोज अर्धा पेला पाणी ठेवायची. देवालासुद्धा अर्धाच.

आता तळ्याचं. तळं माझं होतं आणि माझी नाचक्कीही त्याच तळ्यानं केली. आबासाहेबांना सगळं हॉटेल नसतं मिळालं तरी चाललं असतं, पण मंडपासमोरचं कमळांचं तळं हवंच होतं. मी डिप्लोमाची सगळी अक्कल वापरून तळाला सिमेंट काँक्रीट घातलं. पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं आणि मी छाती काढून हिंडलो. पाऊस संपला. डोंगराकडची बाजू भरावाची होती, ती खचली, काँक्रीटला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भेग गेली आणि दिवाळीत तळ्यात पाण्याऐवजी फक्त ओल राहिली. भेग बुजवली, शेजारी दुसरी पडली. मग आबासाहेबांनी बोलावलेला पुण्याचा एक कंत्राटदार येऊन जागा बघून गेला. तो जाड प्लास्टिकचा कागद अंथरणार होता, वर हिरवळीचे तयार तुकडे लावणार होता आणि बागही त्याच्याच माणसांकडं राहणार होती.

हे कळल्यावर मल्लव्वा आबासाहेबांपुढं गेली. म्हणाली, "सिमीट फोडून काडा. मला चिकनमाती द्या आन् माज्या भावाची मेंढरं आनू द्या. पानी थांबंल."

"मेंढरं?" आबासाहेब म्हणाले. "आगं, थायलंडचं हाटेल हाय का मेंढराचा वाडा? मला तितल्यासारकं तळं पायजे. तितं कुटं मेंढरं हुती?"

"तुमच्या फोटूत सगळं दिसतंय व्हय, मालक? तुमच्या मागं काय हुतं, तुमास्नी तरी ठावं हाय का?"

आबासाहेबांनी अट घातली. गुढीपाडव्याला उद्घाटन होतं. त्याआधी तळं भरायचं आणि आठ दिवस मोजायचं. तीन बोटांपेक्षा जास्त पाणी उतरलं तर पुण्याचा माणूस येणार, आणि मल्लव्वानं टोळीबरोबर पुढच्या कामावर जायचं. ती "व्हय" म्हणाली आणि चंची सोडून पान लावायला बसली. तिनं पैज मारली होती ती माझ्या फुटक्या तळ्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना मी तिला विचारलं, हे कशाला अंगावर घेतलंस. तेव्हा तिनं सांगितलं. सांगताना माझ्याकडं बघत नव्हती.

"मी नवी नवरी हुते. मोट्या दुष्काळात गावात रोजगाराचं काम निघालं. गावतळं खोल करायचं. खोल केलं की लय पानी मावंल म्हनून आमी खनत गेलो. खाली काळ्या चिकनमातीचा थर लागला, लोन्यासारका मऊ. मुकादम म्हनला, अजून हातभर जाऊ द्या. आमी त्यो थर बी काडला. मी बी काडला, ह्या हातानं. फुडच्या साली पाऊस झाला, तळं भरलं, आमी ववाळलं. आन् पंदरा दिसांत तळ मोकळा. खाली मुरूम, त्यानं सगळं पिलं. खालच्या गावच्या हिरी भरल्या, आमची कोरडी. तवापास्नं आमचं गाव टँकरच्या मागं पळतंय."

भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "फुटलेला तळ परत सांदता येतो का, ते मला बगायचं हाय."

माझी भाकरी तशीच राहिली. हॉटेल आबासाहेबांचं होतं, नाचक्की माझी होती, पण त्या तळ्यात सगळ्यात जास्त कोणाचं अडकलं होतं ते त्या दिवशी मला कळलं.

तिचा भाऊ बिराप्पा कराडच्या बाजूला ऊस गेलेल्या रानांत मेंढरं बसवत होता. निरोप गेला, आणि शे-सव्वाशे मेंढरं, दोन घोडी आणि तीन कुत्री अशी वरात हॉटेलवर येऊन थडकली. आम्ही काँक्रीट फोडून काढलं होतं, खचलेला भराव धुम्मसानं ठोकून घट्ट केला होता. भातखाचरांच्या बाजूची चिकणमाती वीतभर अंथरली, भिजवली, आणि बिराप्पानं मेंढरं आत सोडली. काठापासून मधे, मधून काठाला, गोल गोल. मेंढराचा खूर लहान आणि भार नेमका. चिखल असा मळला जातो की त्यात हवेला जागा राहत नाही. वर लेंड्या पडत होत्या, त्याही मल्लव्वाला हव्याच होत्या. ती स्वतः लुगड्याचा काचा मारून मेंढरांच्या मागून चालत होती आणि पायाच्या तळव्यानं बघत होती. एखादी जागा पसंत पडली नाही की "हितं परत" म्हणायची आणि कळप परत फिरायचा. असे तीन थर झाले. सहा दिवस पोपटांच्या छपराखाली मेंढरांची बें-बें चालली होती. आर्किटेक्टसाहेब एकदा आले, मंडपात उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि गाडीत बसले.

मग पंप लावून तळं भरलं. मल्लव्वानं पाण्यात काठी रोवून तिला खाच पाडली. काठावर पत्र्याची एक बादली पाण्यानं भरून ठेवली आणि तिच्याही आतल्या बाजूला खुणेचा ओरखडा मारला. बादलीचं कारण मी विचारलं नाही. तिच्या अशा गोष्टी पुष्कळ असायच्या.

पहिले तीन दिवस बरे गेले. मग ऊन तापलं, वारा सुटला. सहाव्या दिवशी सकाळी मी काठीशी बोटं लावली तर पुरती तीन. आबासाहेबांनी स्वतः खाली उतरून बोटं लावून पाहिली आणि म्हणाले, "मल्लव्वा, अजून दोन दिस हायत. मी पुन्याला फोन लावतो."

"लावा," ती म्हणाली. "पर आदी बादलीत बोटं घाला."

आबासाहेबांनी घातली. बादलीतलं पाणी साडेतीन बोटं उतरलं होतं.

"बादलीला भोक न्हाई," मल्लव्वा म्हणाली. "उन्हानं पिलं ते पिलं, त्येला मी काय करू? तळ्यानं काय बी पिल्यालं न्हाई."

आबासाहेब सगळी हयात पंपात काढलेला माणूस. गळती कशाला म्हणतात आणि ऊन कशाला म्हणतात हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते बादलीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं. मी तीन वर्षं इंजिनियरिंग शिकलो होतो आणि ही बादली मला सुचली नव्हती. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. पुण्याला फोन काही गेला नाही.

पाडव्याला पंपकंपनीचे साहेब आले, बँकॉकला गेलेले सगळे विक्रेते आले. एका तांब्यात दोन पाय धुऊन सगळे मंडपात बसले, आणि समोर कमळाची चार पानं तरंगताना पाहून एक जण म्हणाला, "हुबेहूब." फोटोग्राफर बोलावला होता. आबासाहेबांनी मल्लव्वाला हाताला धरून पुढं आणलं. पण फोटो काढायच्या वेळी सगळे ओळीत सरसावले, मधोमध आबासाहेब आले आणि मल्लव्वा त्यांच्या मागं गेली. तो फोटो माझ्याकडं आहे. छप्पर दिसतं, पोपट दिसतात, तळं दिसतं. तिचा फक्त तांब्या दिसतो, आबासाहेबांच्या कोपरापाशी.

पुढं दोन वर्षं तिनं ती बाग सांभाळली. तळं दोन्ही उन्हाळ्यांत टिकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "गावाकडं जाऊन येते," आणि आली नाही. आबासाहेबांनी महिनाभर वाट पाहिली, दुसरा माळी ठेवायला तयार होईनात. तोवर मी काम बदलून सांगलीला आलो होतो. त्यांचा फोन आला. "तू जवळ हायस. जतला जाऊन तिला घिऊन ये. म्हनावं, जागा रिकामी ठिवलीया."

मी मिरजेहून एसटीनं जत गाठलं, तिथून जीपनं तिच्या गावाला. वैशाखाचा उन्हाळा होता. घरी कुलूप होतं. शेजारणीनं हात लांब करून गावाबाहेर दाखवलं आणि म्हणाली, "तळ्यात आसंल. याड लागलंय तिला."

तळं म्हणजे मोठी कोरडी परात होती. मधे बिराप्पाची दहा-वीस मेंढरं एका जागी गोल फिरत होती आणि त्यांच्या मागं मल्लव्वा, काचा मारून. बाजूला गोणपाटांखाली झाकलेले, मळून झालेल्या चिकणमातीचे तुकडे होते, एकाला लागून एक, अंगणाएवढी जागा झाली असेल. बाकीचं तळं तसंच पडलं होतं. हे पुरं व्हायला किती वर्षं लागतील, हे माझ्यातल्या इंजिनियरनं मोजून पाहिलं आणि मोजणं सोडून दिलं.

मी आबासाहेबांचा निरोप सांगितला. तिनं ऐकून घेतला. म्हणाली, "मालकास्नी सांग, कर्दळीला पायाचं पानी घाला. बाकी काय न्हाई."

"आणि आक्का, पाऊसच झाला नाही तर?"

"पावसाचं काम पाऊस बगंल. आपलं तळं तयार पायजे."

तेवढ्यात गावात टँकरचा भोंगा वाजला. बायका-पोरं धावली. मल्लव्वाही गेली आणि घागर भरून आली, डोक्यावर एक, काखेत एक. तिनं तांब्या बुडवला, पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढं धरला. अर्धा पेला.

"आदी एवडं पी, तम्मा. लागलं तर माग."

मी प्यालो. मग तिनं एक घागर बाजूला ठेवली, दुसरी उचलली आणि तळाच्या कोरड्या मातीवर पुरती ओतून टाकली. थेंब न् थेंब निथळेपर्यंत घागर तशीच उपडी धरली. बिराप्पानं मेंढरं त्या ओल्यावर वळवली आणि ती त्यांच्या मागून चालू लागली, पायाच्या तळव्यानं बघत.

रिकामा पेला माझ्या हातात होता. तहान अजून होती, पण मी मागितलं नाही.